नावातील ‘सौ.’ कमी करण्याबाबत

जुलै उजाडला की आमच्या बिल्डिंगमधले लोक माझ्या दाराची बेल वाजवायला लागतात. कुणाच्या हातात पेन्शनचे कागद, कुणाच्या हातात बँकेची पासबुकं, आणि एका तरी आजोबांच्या हातात चुकून विजेचं बिल. मी पोस्टातून रिटायर झालेली बाई. कॉम्प्युटर उशिरा शिकले, पण हट्टानं शिकले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते, एकेकाला समोर बसवते आणि ऑनलाइन रिटर्न भरून देते. पैसे घेत नाही. चहा मात्र ज्याचा त्यानं करायचा आणि मलाही द्यायचा.

परवा वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तणतणत आले. म्हणाले, “मॅडम, बारा दिवस झाले हो रिफंड आला नाही! काय चाललंय काय?” मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “बारा दिवस? अरेरे. जेवण जातं का हो तुम्हाला?” ते हसले. मी नाही हसले. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. इतकी वर्षं झाली, पण पाऊस लागला आणि कुणी रिफंड हा शब्द काढला की मला अजून असं उठून जावं लागतं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष! त्यांना काय माहीत, हा शब्द मी एके काळी देवाच्या नावासारखा जपला होता.

बायकांना पापडांचा हंगाम असतो, तासगावकडच्या लोकांना बेदाण्याचा. मला एक हंगाम रिफंडचा आला. जून ते ऑगस्ट, एकच वर्ष. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तेव्हा हे लॅपटॉप-बिपटॉप काही नव्हतं. रिटर्न कागदावर भरायचं, इन्कम टॅक्स ऑफिसच्या खिडकीत द्यायचं, शिक्क्याची पोच घ्यायची आणि ती पोच देव्हाऱ्यात ठेवायची. हो, मी खरंच देव्हाऱ्यात ठेवली होती.

आमचे हे, म्हणजे महादेव, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. माण तालुक्यातला माणूस. गावातली निम्मी पोरं मुंबईला गेली, हे सांगलीला आले. अंगानं काटक, बोलायला मोकळे, आणि मशीनवर हात असा की मालक म्हणायचा, माने, तुमच्या जॉबला मोजपट्टी लावायची गरज नाही. एका हिवाळ्यात पाय सुजायला लागले. चपला घट्ट होतात म्हणून यांनी नव्या चपला आणल्या. मी पण हसले. नव्या चपलाही घट्ट झाल्या तेव्हा डॉक्टरकडे गेलो. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार हे आमच्या घरातले वार उरले. सोमवारी मिरजेला डायलिसिस, गुरुवारी मिरजेला डायलिसिस. बाकीचे दिवस नुसते मधे यायचे. ऑफिसकडून जे मिळायचं ते मिळून गेलं होतं. पोस्टाच्या पतसंस्थेचं कर्ज काढून झालं होतं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, गावाकडची शेरडं विकून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्हाला मूलबाळ नाही. घरात तीन माणसं आणि एक मशीन, आणि मशीन मिरजेला.

आता रिफंडचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आम्हा पोस्टातल्यांना वेतन आयोगाची थकबाकी एकदम हातात पडली होती. सगळी रक्कम एका वर्षात आली, म्हणून कर सणसणीत कापला गेला. त्यात कुणाचं चुकलं नव्हतं, नियमच तसा. पण तीच थकबाकी ज्या त्या वर्षाला वाटून दाखवली की कापलेल्यातलं बरंचसं परत मिळतं. हे मला साताऱ्याचे भागवत म्हणून एक कर सल्लागार होते त्यांनी सांगितलं. मी आधी साताऱ्याला नोकरीला होते, थकबाकी मिळाली ती तिथंच, म्हणून रिटर्न तिथं भरलं. मग बदली मागून सांगलीला आले. झालं असं, की फाइल साताऱ्याला, नोकरी सांगलीला आणि नवरा मिरजेला. तीन ठिकाणी माझा जीव टांगला होता.

रिफंड किती येणार हे मी कुणाला रुपयांत सांगितलंच नाही. मनाशी मी एकच हिशेब धरला होता. अकरा. अकरा डायलिसिस. साडेपाच आठवडे. साडेपाच आठवडे हा माणूस मिरजेहून परत येईल, पायरीवर बसून बूट काढेल आणि म्हणेल, “शालन, आज बरं वाटतंय बघ.” पुढचं पुढं. साडेपाच आठवड्यांत काहीही होऊ शकतं, किडनी देणारा कुणी सापडू शकतो, मालक काहीतरी देऊ शकतो, असं मी पोळ्या लाटताना स्वतःशी बोलायची. वेडं झालं होतं डोकं.

त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? पाणी. बाहेर जुलैचा पाऊस धो धो कोसळतोय, पत्र्यावर ताशा वाजतोय, अंगणात गुडघाभर पाणी, आणि घरात माणूस घोटभर पाण्याला महाग. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. मी एका बाटलीला पट्ट्या चिकटवल्या होत्या. हे खिडकीशी बसून पावसाकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, “माणात आमी पावसाची वाट बघत म्हातारं झालो. आन् आता हितं एवढं पानी, तर पिऊ देईनात. देवाचं बी कायतरी बिघडलंय गड्या.” मी म्हटलं, “मला गड्या काय म्हणता?” तर म्हणाले, “तूच हायस आता माझा गडी.” तासगावहून यांचा एक मित्र बेदाण्याची पिशवी घेऊन आला होता. त्यात पोटॅशियम फार, म्हणून तोही यांना वर्ज्य. पण यांनी पिशवीत हात घालून मूठभर बेदाणे नुसते हुंगले आणि परत ठेवले. तो मित्र बिचारा नजर चुकवून छताकडे बघत बसला.

रोज सकाळी ऑफिसात रजिस्टर पत्रांची थैली माझ्याच टेबलावर उघडायची. हे एक माझं नशीब. जगातल्या बायका पोस्टमनची वाट बघतात, मी थैलीचं सील तोडायची. तपकिरी सरकारी पाकीट दिसलं की आधी पत्ता बघायचा. जमिनीच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स, कुणाच्या तरी नेमणुका. लोकांची सगळी सुखदुःखं माझ्या हाताखालून जायची, माझं तेवढं येत नव्हतं. कधीकधी वाटायचं, कुणी बघत नसताना थैली पुन्हा एकदा झटकावी. झटकायचीही मी.

साताऱ्याला मी त्या हंगामात किती खेपा घातल्या देव जाणे. पहाटेची एसटी, ओल्या सीटचा वास, पायाखाली शेंगांची टरफलं, कराडला चहा. खिडकीची काच वर जायची नाही आणि खालीही यायची नाही, पाऊस निवांत मांडीवर पडायचा. साताऱ्यात उतरलं की टॅक्स ऑफिसच्या व्हरांड्यात बाक. त्या बाकावर माझ्यासारखीच माणसं. कुणी निवृत्त मास्तर, कुणी सैन्यातला सुभेदार, सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत पोचपावत्या. तिथल्या टेबलावरचे क्लार्क पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. मी त्यांच्यावर किती वेळा चिडले असेन, पण त्यांनी आवाज चढवला नाही. “ताई, क्रमानं येतंय. कॉम्प्युटरवर नावं चढवायचं काम चालू आहे. तुमचंही येणार.” मी म्हणायची, “साहेब, माझ्या मिस्टरांना क्रम कळत नाही हो, त्यांना सोमवार-गुरुवार कळतो.” एकदा हे म्हणताना मला रडू फुटलं. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाण्याचा ग्लास बघून मी आणखीच रडले.

आणि मग एके सकाळी आलं! थैलीतलं सातवं की आठवं पाकीट. पत्ता माझा, हातही माझाच. मी ते टेबलावर ठेवलं, बाकीची सगळी पत्रं नोंदवली, मगच उघडलं. इतकी शिस्त कुठून आली कोण जाणे. आत रिफंडचं व्हाउचर, लांबट, चेकसारखं. रक्कम बरोबर. मी ते छातीशी धरलं. आमच्यातले तांबोळीदादा, बीटवर जायला निघालेले पोस्टमन, म्हणाले, “काय वहिनी, लॉटरी लागली काय?” मी म्हटलं, “दादा, अकरा वेळा लागली.”

नाव मी बघितलंच नव्हतं. आपलं नाव कोण बघतं!

नाव बघितलं बँकेतल्या ऑफिसरनं. नुकताच बदलून आलेला, उत्तरेकडचा, जेमतेम तिशीचा, अगदी अदबीनं बोलणारा मुलगा. व्हाउचर हातात धरून म्हणाला, “मैडम, ये सौ क्या है? सौ मतलब… हंड्रेड?”

मी वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरांत ठळक छापलं होतं: सौ शालन माने. पहिलं नाव सौ, मधलं नाव शालन, आडनाव माने. पासबुकात होतं शालन महादेव माने.

आजूबाजूचे मराठी क्लार्क हसायला लागले. मीही हसले. आधी तर हसूच आलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजवायला लागले. “वो नाम नहीं है. सौभाग्यवती. मेरा मिस्टर जिंदा है ना, इसलिए लिखते हैं.” भर बँकेत, काउंटरवर, चारचौघांत मी सांगत होते की माझा नवरा जिवंत आहे. त्या मुलाचा चेहरा उतरला. “वो तो ठीक है मैडम, भगवान करे… लेकिन पासबुक में सौ नहीं है. और इसमें महादेव नहीं है. मैं पास नहीं कर सकता.”

चूक माझीच होती. शंभर टक्के माझी. आदल्या वर्षी भागवतांच्या ओट्यावर बसून मी तो फॉर्म स्वतःच्या हातानं भरला होता. ते फोनवर बोलत होते आणि मला घाई होती एसटीची. एकेका अक्षराला एकेक चौकट. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मी सवयीनं पहिल्याच चौकटीपासून सौ. लिहायला घेतलं. मग शालन मधे सरकली आणि यांचं नाव बसेना म्हणून राहून गेलं. कॉम्प्युटरनं ते इमानेइतबारे तसंच उचललं.

पण सवय तरी कशी! लग्नानंतर पंधरा दिवसांनी मला वडिलांचं पत्र आलं होतं, पाकिटावर लिहिलेलं, सौ. शालन महादेव माने. पहिल्यांदाच. माणातल्या त्या घराच्या सोप्यात उभं राहून मी ते नाव चार वेळा वाचलं होतं. पत्र नंतर उघडलं. तेव्हापासून रेशन कार्डावर सौ., हळदीकुंकवाच्या चिठ्ठीवर सौ., भिशीच्या वहीत सौ., कुकरच्या वॉरंटी कार्डावरसुद्धा सौ. ते अक्षर मी लिहायची नाही, ते आपोआप यायचं. शाईच्या पेनातून पहिला ठिपका पडतो तसं. आता ऑनलाइन फॉर्ममध्ये श्री, श्रीमती यांसाठी नावाआधी वेगळी जागा असते, निवडा आणि पुढे चला. मी दर वेळी तिथं क्षणभर थांबते, समोरच्याला वाटतं बाईंना ऐकू आलं नाही.

पुन्हा सातारा. पुन्हा ते शांत क्लार्क. त्यांनी व्हाउचर बघितलं, माझा जुना फॉर्म काढून दाखवला, माझंच अक्षर. म्हणाले, “तुम्ही भरलंय तसंच छापलंय, ताई. कॉम्प्युटरला सौ. कळत नाही, त्याला ते नावच वाटतं. हे परत घेतो आणि दुसरं काढायला पाठवतो. पण एक प्रतिज्ञापत्र लागेल, स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर सही करून. माझ्या नावातील सौ. हे माझे नाव नव्हे, ते कमी करून मिळावे.” मी विचारलं, दुसरं कधी येईल? ते म्हणाले, “तुमचं प्रतिज्ञापत्र ज्या दिवशी हातात पडेल त्या दिवशी मी स्वतः पुढे पाठवतो. मग साधारण तीन आठवडे.” त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं. आणि खरंच तसंच केलं.

परत आल्यावर पतसंस्थेच्या सेक्रेटरींना भेटले. ते म्हणाले, “वहिनी, दुरुस्त नावाचं व्हाउचर नुसतं दाखवा, त्याच दिवशी त्यावर उचल देतो. बँकेत वटायची वाट बघू नका.” म्हणजे तीन आठवडे तग धरायचा होता. यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. त्याच आठवड्यात यांनी स्वतःच ठरवलं, गुरुवारी जायचं नाही, फक्त सोमवारी. “लय फरक पडत न्हाई,” म्हणाले. रात्रभर उशाला तीन उशा लावून बसणारा माणूस, म्हणे फरक पडत नाही.

सांगलीत कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टायपिस्ट बसायचे. मी एका म्हाताऱ्या टायपिस्टला सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, स्टॅम्पपेपर मशीनवर चढवला आणि खटाखट सुरू झाले. कागद काढून हातात दिला. वाचते तर काय: मी, सौ. शालन महादेव माने, प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझ्या नावातील सौ. हे अक्षर…

“अहो बाबा! पहिल्याच ओळीत काय केलंत हे!”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि कपाळावर हात मारून घेतला. “काय सांगू बाई. चाळीस वर्षं टाइप करतोय. बाईचं नाव आलं की बोट आपसूक तितं जातंय. न्हाईतर दुसरं बटन, श्रीमतीचं.” मग एकदम उठले. दुसरा स्टॅम्पपेपर त्यांनी स्वतःच्या पैशानं आणला.

दुसऱ्या कागदावर होतं नुसतं शालन महादेव माने. उघडं. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझं नाव असं बघितलं. खाली ओळ होती, ‘तरी सदर सौ. कायमचे कमी करण्यात यावे.’ कायमचे. हा शब्द मी सांगितला नव्हता, तो त्यांच्या नेहमीच्या साच्यातला असावा. नोटरी समोरच्या खोलीत बसले होते. उठायचं, सही करायची, दहा मिनिटांचं काम. मी कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली. घरी निघून आले.

आता खरं ते लिहिते. मी शिकलेली बाई. अमावास्येला नवं काम काढू नये म्हणणाऱ्यांची मी टिंगल करायची. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट द्यायची आणि पुढं जायची. पण ती सही माझ्यानं होईना. नवरा घरात तीन उशांना टेकून श्वास मोजतोय, आणि मी माझ्या हातानं, सरकारी कागदावर, लिहून देऊ की माझं सौ. कायमचं काढा? आणि वरून कुणी ते ऐकलं तर? मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि हात मात्र पिशवीकडे जात नव्हता.

मग कारणं सुचायला लागली. उद्या नोटरी नसतील. मग सोमवार, मिरजेला जायचं. मंगळवारी पाऊस फार. बुधवारी ऑफिसात इन्स्पेक्शन. आषाढ सरायला थोडेच दिवस राहिलेत, श्रावण लागला की करू, असंही मी एकदा मनाशी म्हटलं. मी! आत्याबाईंना तर सांगायचा प्रश्नच नव्हता. लिहिता-वाचता न येणारी, खेड्यातली म्हातारी, त्यांना हे कळलं तर घर डोक्यावर घेतील असं मी धरूनच चालले. त्या मागच्या खोलीत माळ ओढत बसलेल्या असायच्या.

नवव्या दिवशी हे गोळ्यांचा कागद शोधायला माझ्या पिशवीत हात घालून बसले. मी न्हाणीतून बाहेर आले तर यांच्या हातात ते प्रतिज्ञापत्र. ओठ हलवत, एकेक शब्द वाचत होते.

“हे काय गं?”

“काही नाही. टॅक्सचं आहे.”

“तारीख कवाची हाय ही? सही का न्हाई केलीस?”

यांनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. म्हणाले, “अगं, मी त्या अक्षरानं जगतोय व्हय? मिरजेच्या मशीननं जगतोय मी. मशीनला पैसं लागत्यात.”

मी यांच्या पायाशी बसले आणि हमसून रडायला लागले. यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती हलका झाला होता. म्हणाले, “पुस ते डोळं. एवढं पानी वाया घालवतीस, आन् मला घोटभर द्यायला बाटलीवर पट्ट्या मारतीस व्हय?”

त्याच दिवशी मी सही केली. माझ्याच काउंटरवरून माझ्याच हातानं रजिस्टर केलं, पावती मीच फाडली, मीच घेतली.

त्यानंतर पुन्हा थैली. रोज सकाळी. श्रावण लागला, दारात कुणी कुणी आघाडा-दुर्वा विकायला यायचे, मी काही घेतलं नाही, काही केलं नाही. यांचा आवाज खोल गेला होता. सोमवारी मिरजेहून येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकायचे, तेही चारचौघांत, एरवी हात धरायला लाजणारा माणूस. त्या शेवटच्या आठवड्यात बुधवारी मी म्हटलं, “उद्या जाऊ या, कुणाकडून तरी घेते.” हे म्हणाले, “आता कुनाच्या दारात जाऊ नगंस. आलं व्हाउचर की जाऊ, दर गुरवारी जाऊ.” व्हाउचर आलं नाही. गुरुवारी आम्ही गेलो नाही.

शनिवारी दुपारी यांना श्वास घेता येईना. मिरजेच्या रस्त्यावर, रिक्षात, माझ्या मांडीवर गेले. पाऊस थांबला होता, चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

शुक्रवारी, सहा दिवसांनी, तांबोळीदादा घरी आले. सायकल बाहेरच लावली, टोपी काढून हातात घेतली. आमच्या घरी त्यांनी पत्र कधी आणलं नव्हतं, माझी पत्रं मला ऑफिसातच मिळायची. तपकिरी पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, “वहिनी, दुसऱ्या कुणाच्या हातात देववेना.” मी सही करून घेतलं. व्हाउचरवर छापलं होतं, शालन महादेव माने. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. सगळं बरोबर होतं.

हिशेब करायला मला कागद लागला नाही. नऊ दिवस मी सही अडवली होती. ती वेळेवर केली असती तर हे पाकीट नऊ दिवस आधी आलं असतं. म्हणजे त्या बुधवारी. बुधवारी सकाळी थैलीतून निघालं असतं, दुपारी सेक्रेटरींनी उचल दिली असती, आणि गुरुवारी हे मशीनवर असते. डॉक्टर नंतर म्हणाले, बाई, असं काही सांगता येत नाही, हृदय थकलंच होतं. त्यांनी ते चांगुलपणानं सांगितलं. पण गुरुवार हा गुरुवार होता.

भेटायला आलेल्या बायका गेल्यावर मी पाकीट घेऊन मागच्या खोलीत गेले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यानं ते एकटीच्या पोटात ठेववेना. मी त्यांना सगळं सांगितलं. सौ., प्रतिज्ञापत्र, पिशवीचा तळ, श्रावणाची वाट बघणं, सगळं. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

“नऊ दिस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला का न्हाई इचारलंस गं पोरी?”

मी म्हटलं, “मला वाटलं, तुम्हाला चालायचं नाही.”

आत्याबाईंनी आपलं मोकळं कपाळ हातानं चाचपलं. मग म्हणाल्या, “अगं, कुकवानं मानूस ऱ्हात असता तर तुझा सासरा ऱ्हायला नसता व्हय? म्या काय कमी लावलं हुतं?”

मी त्यांना विचारलंच नव्हतं. नऊ दिवस त्या पलीकडच्याच खोलीत होत्या.